शेठचं पाणी चुकलं

"बी चांगलंच आहे. तुमचं पाणी चुकलं."

नारायणगावच्या पेठेतल्या आपल्या बियाण्याच्या दुकानात गादीवर मांडी घालून रिखबचंदशेठ हे वाक्य गेली पस्तीस वर्षं म्हणत आले होते. काकडी कडू निघाली, पाणी चुकलं. टोमॅटोची फुलं गळाली, पाणी चुकलं. भोपळा वाकडा आला तरी पाणीच. ते जास्त झालं की कमी, हे शेठ कधी सांगत नसत आणि त्यांच्या सुदैवाने आजवर कुणी विचारलंही नव्हतं. शेतकरी मान डोलवायचा, मनातल्या मनात दोन शिव्या घालायचा आणि पुढच्या हंगामाचं बी घेऊन जायचा.

तीन वर्षांपूर्वी मुलगा जिनेश दुकानात बसू लागला. त्याने कॉम्प्युटर आणला, ऑर्डरी फोनवर घ्यायला सुरुवात केली आणि बघता बघता शेठच्या हाताला काही काम उरलं नाही. उरला तो फक्त सल्ला. शेठ सकाळी आठला आंघोळ, पूजा आटपून गादीवर बसत ते कुणीतरी काहीतरी बिघडवून घेऊन येईल या आशेनेच. ज्या दिवशी सगळ्यांचं पीक चांगलं असे, त्या दिवशी त्यांना जेवण जात नसे.

अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी सोपान आला. मीना नदीच्या काठाला त्याची जमीन होती आणि पंचवीस वर्षं तो शेठकडूनच बी नेत होता.

"शेठ, मिरचीचं निम्मं बी उगवलं न्हाई."

"बी चांगलंच आहे, सोपानराव. तुमचं..."

"पाणी चुकलं," सोपाननेच वाक्य पूर्ण केलं. दुकानातले चौघेजण हसले. "शेठ, राग मानू नका, पर एक इचारतो. तुमी सोता कदी काय पिकवलंय का? येक मिरची तरी?"

जिनेशची बोटं कॉम्प्युटरवर थांबली. शेठनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग त्यांच्या तोंडून ते वाक्य गेलं, ज्याचा पुढे चार महिने त्यांना रोज पश्चात्ताप होणार होता.

"त्यात काय अवघड आहे?" ते म्हणाले. "बी टाकायचं, पाणी घालायचं. आणि लावायच्या आधी काढणीचा दिवस मोजून ठेवायचा. मी सगळ्यांना सांगून दमलो, आधी काढणीचा दिवस मोजा. कुणी ऐकत नाही."

"मंग दावा की करून. गणपती बसायच्या आत तुमच्या हातची भाजी माज्या ताटात पायजे. सोताच्या हातची बरं का. हमाल न्हाई, नोकर न्हाई."

"आणि नाही जमलं तर?"

"तर 'पाणी चुकलं' बंद. कुणालाच काय सांगायचं न्हाई. गादीवर गप बसून ऱ्हायाचं."

गप्प बसायचं तर गादीवर यायचं कशाला, आणि गादीवर यायचं नाही तर दिवसभर जायचं कुठे? पण चार गिऱ्हाइकं बघत होती. "मंजूर," शेठ म्हणाले.

शेठचं दुकान खाली, त्यावर घर आणि घरावर गच्ची. रस्त्यापासून गच्चीपर्यंत शेहेचाळीस पायऱ्या होत्या. हा आकडा शेठना साठ वर्षांत ठाऊक नव्हता, तो त्या आठवड्यात पाठ झाला. टेम्पोवाल्याने दुकानासमोर मातीचा ढीग ओतला आणि तो निघून गेला. हमालाला हात लावू द्यायचा नव्हता. मग शेठनी डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि घमेलं उचललं. पहिल्या दिवशी पाच खेपा झाल्या, दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठायला जिनेशचा हात लागला. माती चढवून झाल्यावर शेणखत चढवलं. त्या खेपांना शेजारच्या कापड दुकानदाराने वासाबद्दल दोन वेळा निरोप पाठवला.

"अहो, माझ्या पापडांवर माती उडतेय," शेठच्या पत्नी सुमतीबाई म्हणाल्या. गच्चीवर त्यांचं उन्हाळ्याचं वाळवण पसरलेलं होतं.

"वाळवण खाली न्या. इथे आता शेती आहे."

"काय लावणार आहात?"

"टोमॅटो. सहा कुंड्या."

सुमतीबाईंनी क्षणभर कठड्यावरून खाली रस्त्याकडे पाहिलं. मार्केटकडे टोमॅटोचे क्रेट भरलेल्या पिकअपची रांग लागली होती. "या गावात टोमॅटोची एवढी टंचाई आहे हे मला कुणी सांगितलंच नाही," त्या म्हणाल्या आणि पापड गोळा करायला लागल्या. त्या दिवसापासून शेठच्या ताटात पापड आला नाही.

बी अर्थात दुकानातलंच, सगळ्यांत भारी पाकिटातलं. ते वाऱ्याने उडू नये म्हणून शेठनी बोटभर नाही, चांगलं वीतभर खोल पुरलं. सकाळी एक बादली, दुपारी एक, संध्याकाळी एक असं पाणी घातलं. दहा दिवस झाले, पंधरा झाले. विसाव्या दिवशी त्यांनी चमच्याने माती उकरून पाहिली, तर बी होतं तिथे एक शेवाळी वासाचा चिखल होता.

आता आली पंचाईत. बी वाईट म्हणावं तर दुकानाची अब्रू जाते आणि बी चांगलं म्हणावं तर स्वतःची. शेठ जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून विचार करत होते. सुमतीबाई तिथेच डाळ निवडत होत्या.

"उगवलं नाही का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"बी चांगलंच असेल," डाळीवरची नजर न काढता त्या म्हणाल्या. "तुमचं पाणी चुकलं."

हे वाक्य ऐकणाऱ्याला कसं लागतं, ते शेठना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. त्यांना ते अजिबात आवडलं नाही.

दुसऱ्यांदा बी वरच्यावर टाकलं आणि ते उगवलंही. त्या आनंदात शेठनी दुकानातलं खत आणून घातलं. पाकिटावर चिमूटभर लिहिलं होतं, पण दुकान घरचं असताना चिमटीत काय मोजायचं, म्हणून मूठभर घातलं. तीन दिवसांत सगळी रोपं कडेने जळाली आणि माना टाकून मोकळी झाली. जून अर्धा उलटला.

तेव्हा शेठनी गुपचूप पेठ गाठायचं ठरवलं. आपल्या बाजारातली पेठ नव्हे, आंबेगाव तालुक्यातलं पेठ गाव, नाशिक रस्त्यावरचं. तिथे सारजाबाईंची रोपवाटिका होती. रोपं विकत आणायला पैजेची हरकत नव्हती, सगळेच शेतकरी आणतात. पण बियाण्याचा दुकानदार रोपं विकत घेताना दिसला तर काय राहिलं, म्हणून त्यांनी जूनच्या उकाड्यात मफलर गुंडाळला, डोळ्यांवर काळा चष्मा चढवला आणि एसटीने गेले.

"सहा टोमॅटोची रोपं द्या," ते आवाज बदलून म्हणाले.

"साच? या शेठ, बसा," सारजाबाई म्हणाल्या. "मफलर काढा की, उकडत आसंल. रोपांची काळजीच करू नका, बी तुमच्याच दुकानातलं हाय. येकबी वाया गेलं न्हाई बगा."

याचा आनंद मानावा की दुःख, हे परतीच्या एसटीत मंचरपासून नारायणगावपर्यंत शेठना ठरवता आलं नाही.

रोपं लागली. मग पाऊस आला आणि कुंड्यांतली निम्मी माती वाहून गच्चीच्या पन्हाळीत जाऊन बसली. पन्हाळ तुंबली, गच्चीचं तळं झालं आणि पाणी वाट काढत बरोब्बर जिनेशच्या पलंगावर ठिबकू लागलं. पहाटे दोघे बापलेक गुडघाभर चिखलात उभे राहून पन्हाळीत काठी घालत होते.

"पप्पा, पैज हरली तर काय होईल?" जिनेशने विचारलं. "गप्पच बसायचंय ना?"

"तू अजून तरुण आहेस," शेठ म्हणाले. "तुला नाही कळायचं."

जुलैत रोपं गुडघ्याएवढी झाली आणि एके सकाळी पानांना भोकं दिसली. शेठनी पान उलटं केलं. खाली हिरवी, गुबगुबीत अळी निवांत बसली होती. दुसऱ्या पानाखाली तिची बहीण होती. बाकीचं कुटुंब पलीकडच्या कुंडीत होतं.

इतर कुणी असता तर त्याने औषध मारलं असतं. पण रिखबचंदशेठच्या दुकानात बी होतं, खत होतं, सुतळी आणि ठिबकच्या नळ्या होत्या, फक्त कीटकनाशक नव्हतं. वडिलांनी घालून दिलेला नियम होता, आपल्या हातून जीव जाता कामा नये. गिऱ्हाईक समोरच्या दुकानात गेलं तरी शेठनी तो कधी मोडला नव्हता. आता स्वतःच्या सहा झाडांसाठी मोडणार कसे?

मग त्यांनी कागदाच्या घडीवर एकेक अळी अलगद घ्यायला सुरुवात केली. उन्हं वर यायच्या आत त्या पानाखाली सापडतात, ऊन चढलं की बुंध्याशी मातीत दडतात, पावसाळी हवेत दुपारीही वर येतात, हे सगळं त्यांना आपोआप कळत गेलं. पंधरावीस अळ्या जमल्या की स्टीलच्या डब्यात ठेवायच्या, वाटेत उपाशी राहू नयेत म्हणून दोन पानं टाकायची, स्कूटर काढायची आणि नदीकाठच्या एका चिंचेखाली गवतात सोडून यायचं. हा नेम महिनाभर चालला.

"पप्पा, लोक विचारतायत," जिनेश एकदा म्हणाला, "शेठ रोज सकाळी डबा घेऊन नदीवर कुणाला जेवायला घालतात?"

ऑगस्ट लागला. झाडांवर अकरा टोमॅटो धरले होते. शेठ दिवसातून चार वेळा मोजत. पैज जिंकल्यातच जमा होती. आणि पर्युषणाला चार दिवस राहिले असताना सोपान दुकानात आला. त्याचा चेहरा उतरलेला होता.

"शेठ, औंदा अळीनं लई गांजलंय. अन् गंमत बगा, सगळं रान सोडून नदीकडच्याच कोपऱ्यात. चिंचेखालनं येत्यात नुसत्या."

शेठच्या हातातला चहा बशीत सांडला. "चिंचेखालून?"

"बांधावरची चिंच हाय न्हवं, तिथनं. आमच्या आईनं त्या कोपऱ्यात कुदळीनं खणून भाजी लावलीया, माठ, भेंडी, दोडका. ऋषिपंचमीसाठी. त्या दिशी बैलाच्या कष्टाचं खायाचं नसतं, म्हून ती दरसाल हातानं लावती. पंच्याहत्तर वर्सांची हाय, पर कुदळ कुणाला देत न्हाई. सगळी भाजी खाल्ली की वो अळ्यांनी. नुसते दांडे ऱ्हायलेत. काय करू, सांगा."

दुकानातले सगळे शेठच्या तोंडाकडे पाहू लागले. ते ठरलेलं वाक्य आता येणार होतं. पण शेठनी सांडलेला चहा बशीतून परत कपात ओतला. "बघू," एवढंच ते म्हणाले. पस्तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. जिनेशने उठून त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

त्या दिवसापासून डबा नदीपलीकडच्या माळावर जाऊ लागला. पण जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. शेठना रात्रीची झोप येईना. डोळे मिटले की डोळ्यांपुढे कुदळ घेतलेली एक म्हातारी उभी राहायची.

आणि पर्युषणाच्या पहिल्याच सकाळी गच्चीवर एक टोमॅटो लालबुंद झालेला दिसला. शेठनी आनंदाने हात पुढे केला.

"अहो," मागून सुमतीबाई म्हणाल्या. "आज काय आहे?"

शेठचा हात हवेतच राहिला. पर्युषणाचे आठ दिवस घरात हिरवी भाजी शिजत नाही, झाडाचं पानसुद्धा तोडायचं नाही. शेवटचा दिवस संवत्सरी. आणि त्याच दिवशी गावात गणपती बसणार होते.

"लावताना काढणीचा दिवस मोजला नव्हता का?" सुमतीबाईंनी अगदी साधेपणाने विचारलं. पेठहून रोपं आणल्यावर शेठनी फक्त घाम पुसला होता.

पुढचे आठ दिवस शेठनी उपवास, प्रवचन आणि टोमॅटो यांत काढले. सगळे अकरा टोमॅटो एकामागून एक पिकत होते आणि शेठ त्यांच्यासमोर स्टूल टाकून बसले होते. दोन खारीने नेले. तीन बुलबुलांनी टोचले. चार खालून काळे पडून गळाले. एक पावसाने तडकला. शेठ 'हाड, हाड' करत होते, पण तेही हळू, कारण कुणाचं मन दुखवायचे ते दिवस नव्हते. संवत्सरीला संध्याकाळी प्रतिक्रमण, म्हणजे वर्षभराच्या चुकांची कबुली, करून ते घरी आले तेव्हा एकच टोमॅटो झाडावर होता आणि गल्लीत गणपती बसून आरत्या चालू होत्या. पैज संपली होती.

दुसऱ्या दिवशी पंचमी. सकाळी शेठनी तो टोमॅटो खुडला. देठाजवळ त्याला छोटंसं भोक होतं आणि भोकातून एक अळी बाहेर डोकावून परत आत गेली. म्हणजे हा चिरायचीही सोय नव्हती. मग त्यांनी तो स्टीलच्या डब्यात ठेवला आणि स्कूटर काढली.

संवत्सरी झाली की ओळखीच्या प्रत्येकाला हात जोडून म्हणायचं असतं, कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा करा. शेठ दरवर्षी पेठेतल्या दोनशे माणसांना हे म्हणत. आपलं नेमकं काय चुकलं, हे मात्र त्यांना या वर्षी पहिल्यांदाच माहीत होतं.

सोपान ओट्यावर बसला होता. आत गणपतीपुढे उदबत्ती जळत होती. त्याची आई साळुबाई चुलीपाशी सूप घेऊन बसली होती आणि सुपात माठाचे चार दांडे होते.

"मिच्छामि दुक्कडम, सोपानराव," शेठनी हात जोडले. "माझं चुकलं."

"आवो शेठ, दरसाली म्हंता. तुमचं काय चुकणार? बसा."

"नाही, यंदा खरंच चुकलं. तुमच्या चिंचेखाली अळ्या मीच सोडत होतो. रोज. डब्यातून. पलीकडे कुणाचं रान आहे ते पाहिलं नाही. आजींची भाजी माझ्यामुळे गेली."

"म्हंजे औंदाचं माजं पाणी चुकलं न्हवतं?"

"नव्हतं."

"अन् मागच्या साली?"

"ते मला काय माहीत," शेठ म्हणाले. इतकं खरं उत्तर त्यांनी दुकानात कधी दिलं नव्हतं. "पैज हरलो. एक टोमॅटो उरला, तोही किडका. आजपासून सल्ला बंद."

सोपान आधी गालातल्या गालात हसला, मग पोट धरून हसला. डोळे पुसत त्याने विचारलं, "पर रोज पंधरावीस धरायच्या म्हंजे... शेठ, औषध न मारता? त्या घावायच्या कशा?"

"उन्हं यायच्या आत पानाखाली. नंतर बुंध्याशी, मातीत बोटभर. ढगाळ असेल तर दुपारीही," शेठ झरझर बोलून गेले आणि जीभ चावून गप्प झाले. "चुकलं. सवय आहे."

"आता कुटं तुमी कामाचं बोलला," सोपान म्हणाला. "आसला सल्ला चालू ठेवा. पाणी तेवढं आमचं आमी बगतो. अन् उद्या सकाळी या, माज्या कोपऱ्यातल्या वेचू लागा. तुमचीच लेकरं हायेत."

शेठना फार बरं वाटलं. त्यांनी डबा पुढे केला. साळुबाईने टोमॅटो उचलला, वळवून पाहिला, अंगठ्यांनी अलगद दोन फोडी केल्या. अळी तिने दांड्यावरच्या पानावर ठेवली आणि पान ओट्याबाहेर नेऊन ठेवलं. मग चांगली फोड धुऊन ती भाजीत टाकणार तोच थांबली.

"शेठ, ह्याला बैल लागला न्हाई न्हवं? बैलाच्या कष्टाचं आज मला चालत न्हाई."

"नाही हो आजी. गच्चीवर बैल कुठला?"

"मंग माती कुणी वाहिली? शेण? पाणी?"

"मीच," शेठ म्हणाले.

साळुबाईने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. शेहेचाळीस पायऱ्यांनी वाकलेली पाठ, घमेल्याने टाळूवर पडलेलं टक्कल, उन्हाळ्यापासून चोळतात ती कंबर, सगळं तिने सावकाश पाहिलं. चार महिने आपण नेमके कुणासारखे राबलो, हे शेठच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण म्हातारी सकाळपासून उपाशी होती.

शेठ गप्प बसले. साळुबाईने टोमॅटो भाजीत टाकला.